तोडमावशी गप्प बसली तो दिवस

तोडमावशीला पगार मिळायचा तो मोडतोड करण्याचा. नव्या माणसाला ही थट्टा वाटायची, पण ती शब्दशः खरी गोष्ट होती. दातांच्या कॉलेजात तळमजल्यावर, जिन्याखालच्या लांबट खोलीत एक उंच लोखंडी मशीन होतं. शिकणारे डॉक्टर सिरॅमिकच्या चकत्यांवर रेझिनचा बारीकसा खांब चिकटवून तिच्याकडे आणायचे आणि मावशी तो खांब मशीनमध्ये धरून मोडायची. वरून पातं हळूहळू खाली यायचं, दाब वाढत जायचा, आणि टक्‌ झालं की किती जोरावर सांधा सुटला तो आकडा समोर उमटायचा. आकडा मोठा म्हणजे चिकटवणं पक्कं. त्या मशीनला मावशी सासूबाई म्हणायची. "सासूबाई बोलत नाहीत, फक्त दाबतात. सून किती टिकते ते आपण बघायचं," हे तिचं प्रत्येक नव्या तुकडीपुढचं भाषण.

स्वतः मावशीने लग्न केलं नव्हतं. कुणी खोदून विचारलंच तर म्हणायची, "मोडायचं काम मला कॉलेजात भरपूर आहे, घरी कशाला हवं?" पुढे विचारायची कुणाची टाप नव्हती. बाई बोलायला लागली की समोरच्याला नुसतं 'हं' म्हणायलासुद्धा फट मिळायची नाही. सकाळी नऊला तिचं तोंड सुरू व्हायचं ते संध्याकाळी साडेपाचला कुलूप लागेपर्यंत, आणि तेही दाराला, तोंडाला नव्हे. पण तिचा आकडा म्हणजे दगडावरची रेघ. सव्वीस वर्षांत एकदाही कुणी तिला "पुन्हा मोजा" म्हणालं नव्हतं. दुसऱ्या कॉलेजांतले परीक्षकसुद्धा विचारायचे, "आकडे मावशींचे आहेत ना? मग पुढचं पान उघडा." बाईला ह्याचा गर्व होता, आणि तो लपवायची तसदीही तिने कधी घेतली नाही.

आता थोडं शहाणपणाचं बोलतो, कंटाळू नका. सिरॅमिकचा दात तोंडात बसवायचा तर तो रेझिनने, म्हणजे दिव्याच्या उजेडात घट्ट होणाऱ्या चिकट लेपाने, चिकटवतात. चिकटणारी आतली बाजू गुळगुळीत असली तर रेझिनला पकडायला काही सापडत नाही. म्हणून ती आधी खरखरीत करावी लागते, अगदी नजरेला दिसेल न दिसेल इतकी. हे काम वर्षानुवर्षं एक आम्ल करत आलं होतं. काच खाणारं आम्ल, म्हणून प्लास्टिकच्या बाटलीत ठेवलेलं. वाफ बाहेर ओढणाऱ्या पंख्याच्या कपाटात, वरच्या फळीवर, लाल झाकणाची ती बाटली बसलेली असायची. मावशी रोज सकाळी कपाट उघडून तिच्याशी दोन शब्द बोलायची. "आहेस का अजून, मेले?"

हा राग उगाच नव्हता. कॉलेजात येण्याआधी मावशी तिच्या थोरल्या भावाच्या कारखान्यात होती. कारखाना कसला, दोन टेबलं आणि एक भट्टी. दादा तिथे दात बनवायचा. असे बनवायचा की बसवून झाल्यावर माणूस आरशात बघून विचारायचा, "ह्यातला माझा कुठला?" एका दुपारी दादाच्या ग्लोव्ह्जला टाचणीएवढं भोक होतं आणि त्यातून ह्याच आम्लाचा एक थेंब अंगठ्याला लागला. जळलं नाही, दुखलं नाही. दादाने हात पुसला आणि काम चालू ठेवलं. त्या आम्लाची खोड अशी की ते आधी आत जातं आणि मग बोलतं. संध्याकाळी दादा हात धरून जमिनीवर लोळत होता. नख गेलं, मांस गेलं, चार महिने गेले. अंगठा राहिला, पण लाकडाच्या खुंटीसारखा ताठ. दात रंगवायचा ब्रश पुन्हा कधी त्या बोटांत बसला नाही. दादा आता मावशीकडेच राहायचा, चार बोटांत चहाचा कप धरायचा आणि चहाला नावं ठेवायचा.

मावशी निवृत्त व्हायला चार महिने उरले होते. तिने बाटलीला बजावून ठेवलं होतं, "माझ्या आधी तू जाणार आहेस. लिहून ठेव."

आणि कॉलेजात लेझर आला.

तीन महिन्यांसाठी, बघायला म्हणून. घेऊन आला तो मशीनवाला, इस्त्रीचा शर्ट आणि दातांच्या जाहिरातीसारखं हसू. चकतीवर लेझर मारला की पाण्याचा बारीक फवारा उडायचा, टकटक आवाज यायचा आणि चकचकीत सिरॅमिक धुरकट पांढरं दिसायला लागायचं. खरखरीत! ना आम्ल, ना वाफ, ना थेंब. मावशी पहिल्या दिवशी खुर्ची ओढून शेजारी बसली आणि लग्नातली करवली असल्यासारखी बघत राहिली.

ह्या लेझरवर प्रबंध घेतला बारक्या डॉक्टरणीने. बारकी म्हणजे अंगाने बारकी आणि आवाजाने त्याहून बारकी. लेझरपासून डोळे राखायचा हिरवा चष्मा लावला की नुसता चष्माच चालत येतोय असं वाटायचं. मोठ्या सरांनी, म्हणजे विभागाच्या प्रमुखांनी, सरळ अट घातली: "आम्लाच्या चकत्या आणि लेझरच्या चकत्या, दोन्ही चिकटवून मोडा. लेझरचा आकडा आम्लाच्या जवळपास आला तर मशीन ठेवू आणि आम्लाची बाटली कॉलेजातून कायमची बंद. नाही आला तर मशीन परत."

"येणार म्हणजे येणार," मावशी म्हणाली. तिला कुणी विचारलं नव्हतं.

पहिल्या खेपेचा निकाल लागला त्या दिवशी मावशीने नवी साडी नेसली होती. आम्लाच्या चकत्या मोडल्या: एकवीस, बावीस, वीस. काहीच न केलेल्या गुळगुळीत चकत्या: पाच, सहा. मग लेझरच्या घेतल्या. सात. सहा. आठ.

"सासूबाई, नीट दाबा हो," मावशी पुटपुटली. पुढची चकती. सहा.

बारकीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मावशीने तिला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं आणि मग पाणी प्यायच्या आतच फैलावर घेतलं. "हात लावलास? खरं सांग. चकतीला उघडा हात लावलास?"

"नाही हो मावशी! ग्लोव्ह्ज घालते, चिमट्याने उचलते."

"मग तुझ्या चिमट्याला घाम येतो का?"

दुसरी खेप केली. लेझरचा जोर वाढवून पाहिला, तर दोन चकत्यांना बारीक तडे गेले आणि बाकीच्यांचा आकडा पाचावर उतरला. जोर कमी केला, पुन्हा सहा-सात. मशीनवाला हात चोळत म्हणाला, "आमच्याकडे असं कधी झालं नाही."

"झालं असतं तर तुम्ही सांगितलं असतं होय?" मावशी म्हणाली, आणि त्याचं हसू त्या दिवसापुरतं मावळलं.

मावशीने मोडलेले तुकडे भिंगाखाली धरले. चांगल्या चिकटलेल्या सांध्यात सिरॅमिकवर रेझिनचे कण राहतात, फाटल्यासारखे. इथे काहीच नव्हतं. रेझिन अख्खं निघून आलं होतं, साबणाच्या वडीवरचा कागद निघतो तसं. म्हणजे लेझरचा दोष नव्हता. लेझर मारल्यावर आणि रेझिन लावण्याआधी चकतीवर काहीतरी बसत होतं, तेल म्हणा, घाम म्हणा, काहीतरी ओशट. "कुणीतरी हात लावतंय," मावशीने जाहीर केलं, "आणि ते मी शोधून काढणार."

आता तुम्हाला एक गोष्ट सांगायला हवी. दादाच्या कारखान्यात मावशी जे शिकली त्यात एक होती जिभेची पारख. दात घासून चमकवला की दादा तो आधी उकळत्या पाण्यातून काढायचा, निववायचा आणि मग त्याला जिभेचं टोक लावून बघायचा. बोटाला कळत नाही, भिंगाला दिसत नाही, इतका बारीक ओरखडा जिभेला कळतो, असं त्याचं म्हणणं. म्हातारपणी डोळे गेले तरी जीभ राहील, असंही म्हणायचा. मावशीने ते इतकं आत्मसात केलं की पुढे तिला आपण काय करतोय तेही कळेनासं झालं. माणूस चष्मा वर सरकवतो ते त्याला कुठे कळतं?

लेझर मारलेल्या चकत्या रोज तिच्या टेबलावर यायच्या. प्रत्येक चकती गुलाबी प्लास्टिकच्या वडीत बसवलेली असायची, धरायला सोपं पडावं म्हणून. बारकीने रेझिन लावण्याआधी मावशी एकेक वडी उजेडात धरायची, मागे नंबर घालायची, आणि खरखरीतपणा छान आलाय ना, म्हणून हळूच जिभेचं टोक. अर्ध्या सेकंदाचं काम. प्रेमाने करायची हो. मिनिटाभरात चकती वाळून जायची आणि कुणाला पत्ता लागायचा नाही, खुद्द मावशीलाही नाही. आम्लाच्या चकत्यांना मात्र ती नंबर घालायची ते हात लांब करून, तोंड दुसरीकडे फिरवून.

तुमच्या लक्षात आलं ना? तिच्या नाही आलं. ती गुन्हेगार शोधत होती.

संशयितांची यादी तिने मनाशी पक्की केली. एक, मशीनवाला, कारण तो सतत शेंगदाणे खायचा आणि त्याच हाताने सगळीकडे बोट दाखवायचा. दोन, झाडूवाला, कारण तो टेबल पुसताना वस्तू उचलून बघायचा आणि चुकीच्या जागी ठेवायचा. तीन, खुद्द मोठे सर. त्यांना कुठलीही वस्तू हाताळल्याशिवाय दिसतच नसे. चार, बारकी, कारण रडणाऱ्या माणसावर मावशीचा विश्वास नव्हता.

दात नीट घासलेत का, हे दाखवायला लहान मुलांच्या दातांना एक गुलाबी रंग लावतात. ओलं बोट लागलं की बोट गुलाबी, आणि सहजासहजी निघत नाही. मावशीने तो रंग घेतला. गुरुवारी सकाळी, कॉलेज उघडायच्या वेळी, तिने आदल्या दिवशी लेझर मारलेल्या सहा वड्या काढल्या. चकतीला अजिबात धक्का न लावता, भोवतालच्या प्लास्टिकवर तिने रंगाचा पातळ हात फिरवला आणि वाळू दिला. गुलाबीवर गुलाबी, कुणाच्या बापाला कळणार नाही. मग वड्या टेबलावर मुद्दाम उघड्या ठेवल्या, दार सताड उघडं टाकलं आणि स्वतः चहाला गेली. आज कामाची घाईच होती. दुपारी तीनला सरांच्या खोलीत बैठक होती, मशीन परत करायचं पत्र तयार होतं.

ती परत आली तेव्हा वड्या थोड्या सरकल्यासारख्या वाटल्या. मावशीला आनंदाचं भरतं आलं. कोणीतरी लावला हात! आता सगळ्यांचे पंजे तपासायचे. पण आधी हातासरशी नंबर घालून टाकावेत म्हणून ती बसली. एकेक वडी चिमट्याने उजेडात धरली, मागे नंबर घातला, जिभेचं टोक लावलं, बाजूला ठेवली. सहा वड्या, सहा वेळा.

मग ती बेसिनपाशी गेली, कारण तपासणाऱ्याचे हात आधी स्वच्छ हवेत. साबण लावता लावता मशीनवाल्याचा चेहरा कसा पडेल ते डोळ्यांसमोर आणून तिला खुदकन हसू आलं. तिने आरशात पाहिलं.

आरशातल्या बाईची जीभ गुलाबी होती. साधीसुधी नाही. टोकापासून मध्यापर्यंत लखलखीत, खेळण्याच्या दुकानात शोभावी अशी, आणि खालच्या ओठालाही एक ठिपका.

मावशीने तोंड मिटलं. पुन्हा उघडलं. जीभ तिथेच होती.

"अगं बाई," ती म्हणाली, आणि त्या दिवशी कॉलेजात तिने उच्चारलेले ते शेवटचे शब्द ठरले, दुपारी तीनपर्यंत.

तिने काय काय नाही केलं! साबण लावला, तोंडाला फेस आला, रंग तसाच. विद्यार्थ्यांना दाखवायला ठेवलेला हातभर लांबीचा नमुन्याचा ब्रश होता, त्याने जीभ घासली. जीभ आणखी उजळली. मग ती खोलीत येऊन ओठ घट्ट मिटून बसली.

कॉलेजात हलकल्लोळ उडाला. मशीनं बिघडतात, पाणी जातं, परीक्षा पुढे ढकलल्या जातात, हे सगळं लोक पचवतात. पण मावशी बोलत नाही? झाडूवाला दारातून दोनदा डोकावला आणि तिसऱ्यांदा पाणी घेऊन आला. मशीनवाल्याने मुद्दाम शेंगदाण्याची टरफलं तिच्या टेबलाजवळ सांडली आणि ती नुसती बघत राहिली तेव्हा घाबरून स्वतःच उचलली. बारकी कपाळाला हात लावून म्हणाली, "मावशी, ताप आहे का? घशात दुखतंय का?" मावशीने मान हलवली. "माझ्यावर रागावलात का?" मावशीने जोरात मान हलवली. मग बारकीला वाटलं, मशीन जाणार म्हणून मावशी दुःखात आहे, आणि ती शेजारी बसून आपणही दोन आसवं गाळायला लागली. मावशीला वाटलं, धरणी दुभंगली तर बरं.

कारण आता सगळा हिशेब तिच्या डोक्यात जुळला होता. फक्त लेझरच्या चकत्या. फक्त तिच्या टेबलावर. अडीच महिने.

जेवायच्या सुट्टीत ती घरी गेली, दोन गल्ल्या पलीकडे, जवळजवळ धावत. दादा खुर्चीत बसून चहाला नावं ठेवत होता. मावशीने त्याच्यासमोर उभं राहून जीभ बाहेर काढली.

दादाने पाहिलं. मग तो हसायला लागला तो थांबेचना. कप खाली ठेवावा लागला. "अगं, हे काय? ह्या वयात?"

मावशीने सगळं सांगितलं, एका दमात. सकाळपासून साठलेलं होतं.

दादाचं हसू हळूहळू आटलं. "बाहेरच्या बाजूला लावायची गं जीभ," तो म्हणाला. "चमकवलेल्या बाजूला. आतल्या बाजूला लाळ लागली की संपलंच. मी तुला कधी आतल्या बाजूला लावायला शिकवलं?"

"नाही शिकवलंस."

"मग?"

"मला खरखरीत झालेलं बघायला आवडत होतं," मावशी म्हणाली. "आम्लाशिवाय झालेलं. जिभेला कळायचं आणि इतकं बरं वाटायचं, दादा."

दादाने तिच्या जिभेकडे पुन्हा एकदा पाहून शांतपणे सांगितलं, "संध्याकाळपर्यंत जाईल रंग. गप्प बस. तुला कोण विचारणार आहे? लेझर वाईट होता, परत गेला, संपलं. दीड महिना राहिलाय तुझा. सव्वीस वर्षांचं नाव आहे, शेवटी शेवटी कशाला हसं करून घेतेस?"

आणि त्याने कप उचलला. चार बोटांनी, ताठ अंगठा बाहेर ठेवून, जसा तो सत्तावीस वर्षं उचलत होता. मावशी त्या अंगठ्याकडे बघत राहिली. दादाच्या ते ध्यानात आलं आणि त्याने कप दुसऱ्या हातात घेतला.

तीन वाजता सरांच्या खोलीत सगळे जमले. मशीनवाला कागद घेऊन उभा होता, बाहेर दोन हमाल खोकी घेऊन आले होते. बारकी डोळे सुजवून कोपऱ्यात उभी होती. तिचे अडीच महिने त्या खोक्यांतून जायचे होते. सरांनी आकड्यांवरून नजर फिरवली, पेन काढलं आणि रिवाज म्हणून विचारलं, "मावशी, तुम्हाला काही म्हणायचंय?"

खोलीत सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. सकाळपासून हाच एक प्रश्न कॉलेजात फिरत होता. 'नाही' म्हणून मान हलवली असती तर भागलं असतं. पेन कागदाला टेकत होतं.

मावशी दोन पावलं पुढे आली, टेबलावर वाकली आणि विभागाच्या प्रमुखांना पूर्ण, आतपर्यंत, जीभ काढून दाखवली.

सरांच्या हातून पेन पडलं. "मावशी!"

"हाच तो हात," मावशी म्हणाली. "म्हणजे हीच ती जीभ. मीच लावत होते. प्रत्येक चकतीला."

पहिल्यांदा कुणालाच उलगडा होईना. मग तिने रंगाचं सांगितलं, सापळ्याचं सांगितलं, सहा वड्या आणि सहा वेळा. मशीनवाल्याच्या तोंडातला शेंगदाणा घशात गेला आणि त्याच्या पाठीत धपाटे घालावे लागले. बारकीच्या डोक्यात मात्र लख्ख उजेड पडला. "फक्त लेझरच्या?" ती ओरडली. तिचा आवाज इतका मोठा असेल हे कुणालाच माहीत नव्हतं. "मावशी, आम्लाच्या चकत्यांना नाही लावली?"

"आम्लाला जीभ लावायला मी काय वेडी आहे?"

त्यावर हमालसुद्धा हसले. सर हसले नाहीत. त्यांनी पेन उचललं, टोपण लावलं आणि विचारलं, "सव्वीस वर्षांत आणखी कशाकशाला लावलीत?"

हा प्रश्न येणार हे तिला दादाच्या खुर्चीसमोरच कळलं होतं. तरी तो लागला, आणि लागायचा तिथेच लागला. ह्या माणसाने आजवर तिचा आकडा न वाचता पान उलटलं होतं.

"इथे आत्तापर्यंत सगळं आम्लाचंच यायचं," ती म्हणाली, "आणि साध्या चकत्यांत बघण्यासारखं काही नसायचं. लेझरच पहिला. पण मी सांगते म्हणून धरू नका. वह्या आहेत, मशीन आहे. मला खोलीबाहेर बसवा आणि पुन्हा मोडा." मग तिचा आवाज फुटला आणि ती चिडूनच म्हणाली, "पण ती बाटली ठेवायची म्हणून मशीन परत पाठवू नका. माझ्या जिभेसाठी आणखी कुणाचा अंगठा नको."

सरांनी पत्र दुमडलं आणि खिशात ठेवलं. हमालांना म्हणाले, "चहा घ्या आणि जा."

पुढचा आठवडा मावशी दाराबाहेर स्टुलावर होती, हाताची घडी, तोंडावर बोट, शाळेतल्यासारखी. जाणारा येणारा प्रत्येकजण जीभ दाखवून जायचा, मोठे सर सोडून, आणि त्यांच्याबद्दलही नक्की सांगता येत नाही. आत बारकीने लेझर मारला, वड्या झाकल्या, रेझिन लावलं, दिव्याने पक्कं केलं, दिवसभर कोमट पाण्यात ठेवलं आणि मग सासूबाईंचं पातं खाली सोडलं. दाराला लावलेल्या मावशीच्या कानाला टक्‌ ऐकू आलं.

"किती?" ती बाहेरून ओरडली.

"अठरा!"

"खोटं!"

"अठरा हो मावशी! थांबा... एकोणीस! हा सतरा... पुन्हा अठरा!"

आम्लापेक्षा थोडे कमी, पण दात धरून ठेवायला भरपूर. मावशी स्टुलावरून उठली, पुन्हा बसली आणि पदराने डोळे पुसत झाडूवाल्यावर खेकसली की इथे धूळ फार आहे. सरांनी आदल्या वर्षांतल्या वीस जुन्या चकत्यांसारख्या वीस नव्या करवून तिच्या वहीशी ताडून पाहिल्या. जुळल्या. त्यांनी तिला ते सांगितलं नाही, फक्त वही तिच्या टेबलावर परत आणून ठेवली, स्वतःच्या हाताने.

आणि एक गंमत झाली. बारकीला सरांनी सांगितलं, "दात बसवण्याआधी आपण पेशंटच्या तोंडात लावून बघतोच की नाही? तेव्हा लाळ लागतेच. मावशींनी चुकून जे केलं ते आता मुद्दाम करा. लाळ लागलेल्या चकत्यांचा वेगळा गट घ्या, आणि ती कशाने धुतली म्हणजे पकड परत येते तेही बघा." प्रबंधाला जास्तीचं एक प्रकरण मिळालं, आणि परीक्षकांना तेच सगळ्यात आवडलं. त्यात एक ओळ आहे, हवी तर वाचून बघा: 'लाळ एका निरोगी स्वयंसेविकेकडून घेण्यात आली, वय सत्तावन्न.' मावशीने ते पान बारकीकडून सही करून घेतलं.

बाटली गेली ती मावशी निवृत्त व्हायच्या नऊ दिवस आधी. आम्ल नेणारी माणसं जाड ग्लोव्ह्ज घालून आली, डब्यात बाटली, डब्याभोवती डबा, आणि गेली. कपाट चुन्याच्या पाण्याने तीनदा धुतलं. मावशीने त्या दिवशी दादाला कॉलेजात आणलं. तो यायला तयार नव्हता. सत्तावीस वर्षांत त्याने अशा कुठल्याच खोलीत पाऊल टाकलं नव्हतं. सासूबाईंकडे बघून त्याने मान तुकवली, बारकीला दातांचा रंग कसा जुळवतात ते उभ्या उभ्या अर्धा तास समजावलं, आणि मग मावशीने कपाट उघडून त्याला ती रिकामी फळी दाखवली.

जिथे बाटली बसायची तिथे एक गोल उमटला होता. दादाने त्या गोलावर आपला ताठ अंगठा ठेवला आणि सावकाश फिरवला.

"खरखरीत झालीय," तो म्हणाला.

मावशी नीट बघायला म्हणून खाली वाकली. दादाने फळीवरचा अंगठा झटक्यात उचलला आणि तिच्या ओठांवर आडवा धरला.

"अरे, बघतेय फक्त!" ती अंगठ्याआडून म्हणाली.

"तुझा काही भरवसा नाही," दादा म्हणाला, आणि अंगठा त्याने बराच वेळ तिथून काढला नाही.